डबी हातात घेण्याआधी

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बाळाला वरचं अन्न सुरू झालं की कुस्करलेलं केळं हा सगळ्यात सोपा घास. दोन-चार दिवसांनी लंगोटात बारीक, काळपट दोरे दिसतात आणि घर घाबरतं, बाळाला जंत झाले म्हणून. ते जंत नसतात. केळ्याच्या गरात मधोमध असलेले तंतू पचनाच्या वाटेत काळवंडतात आणि हुबेहूब किड्यांसारखे दिसतात. बालरोगतज्ज्ञांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. नमुना देताना आईनं ‘काल केळं भरवलं होतं’ एवढं सांगितलं तरी बाळाचं एक नको असलेलं औषध वाचू शकतं.

संडास तपासणीची तयारी म्हटली की लोकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो पथ्याचा. खानदेशात तो अहिराणीत विचारला जातो, ‘काय खावानं, काय नही खावानं?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि घोळ नेमका तिथेच होतो. कुणी रात्रीपासून उपाशी राहून येतं, कुणी पोट साफ व्हावं म्हणून एरंडेल घेऊन येतं, कुणी आदल्या दिवशीचा नमुना सकाळच्या एसटीनं घेऊन येतं. कष्ट तिघांनीही घेतलेले असतात, पण त्यातले दोघे तपासणी बिघडवून बसलेले असतात आणि तिसऱ्यानं विनाकारण उपास काढलेला असतो. म्हणून या संपूर्ण प्रश्नाचा एकदा नीट आढावा घ्यायला हवा.

उपासाचा गैरसमज

संडासच्या नेहमीच्या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. हा समज आला कुठून, हे ओळखणं अवघड नाही. रक्तातली साखर आणि चरबी तपासायची तर उपाशीपोटी बोलावतात. कोलोनोस्कोपीच्या आधी पातळ आहार आणि आतडं धुऊन काढणारं औषध देतात. सोनोग्राफीला पाणी पिऊन बसवतात. या सगळ्या सूचना एकाच चिठ्ठीवर, एकाच खिडकीपाशी, एकाच घाईत दिल्या जातात आणि घरी पोहोचेपर्यंत एकमेकींत मिसळतात. मधुमेह असलेल्या म्हाताऱ्या माणसानं संडास तपासणीसाठी उपाशी राहणं तर धोक्याचंच, कारण गोळी घेऊन पोट रिकामं राहिलं तर साखर झपाट्यानं उतरते.

‘संडास तपासणी’ हा एक शब्द झाला, पण त्यात किमान सात-आठ वेगळ्या तपासण्या येतात. सूक्ष्मदर्शकाखाली जंत, त्यांची अंडी, अमिबा, पू-पेशी आणि रक्तपेशी पाहणं ही नेहमीची तपासणी. डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणं ही दुसरी. जिवाणू वाढवून पाहणं म्हणजे कल्चर, ही तिसरी. त्याशिवाय चरबीचं मोजमाप, लहान मुलांच्या शौचातली न पचलेली साखर, जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूचं प्रतिजन, आतड्याची सूज सांगणारं कॅल्प्रोटेक्टिन आणि स्वादुपिंडाचं काम सांगणारं इलास्टेज. यातल्या प्रत्येकीची तयारी वेगळी आहे. एकीला जे पथ्य लागतं तेच दुसरीचं उत्तर चुकवतं. म्हणून डबी हातात घेताना पहिला प्रश्न पथ्याचा नसावा. तो असावा, ‘यातली कोणती तपासणी करायची आहे?’

नेहमीची तपासणी: जेवा, पण वेळ पाळा

जंत आणि अमिबासाठी होणाऱ्या तपासणीला आहाराचं बंधन जवळपास नाहीच. भाकरी, वरण, शेवभाजी, जे रोज खाता ते खा. इथे खरी कसोटी लागते ती घड्याळाची.

अमिबाचं हलतं-फिरतं रूप पातळ शौचात असतं आणि शरीराबाहेर ते फार थोडा वेळ टिकतं. म्हणून पातळ नमुना अर्ध्या तासात आणि अर्धवट घट्ट नमुना साधारण तासाभरात तपासला जावा, असा प्रयोगशाळांचा नियम आहे. घट्ट नमुना फ्रीजमध्ये ठेवला तर दिवसभर चालतो, कारण त्यात पाहायची असतात ती अंडी आणि कवचबंद रूपं, आणि ती चिवट असतात. पातळ नमुना मात्र फ्रीजमध्येही ठेवायचा नाही आणि उन्हातही नाही. थंडीनं हलता अमिबा मरतो आणि उष्णतेनं नमुना कुजतो.

आता हा नियम आपल्या भूगोलावर ठेवून पाहा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून चोपड्याला किंवा शिरपूरला यायचं, तिथून जळगावची किंवा धुळ्याची बस पकडायची, पिशवीत डबी आणि वर ऊन. असा नमुना टेबलावर पोहोचतो तेव्हा त्यातलं जे पाहायचं होतं ते संपलेलं असतं. अहवालात ‘काही आढळलं नाही’ असं येतं आणि रुग्ण म्हणतो, मग पोट का दुखतं? उपाय साधा आहे. रक्त-आव पडत असेल, जुलाब होत असतील, तर घरून नमुना आणण्यापेक्षा रुग्णालयात येऊन तिथेच द्यावा. जुलाब असलेल्या माणसाला त्यासाठी फार वेळ थांबावं लागत नाही. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तीन दशकांहून जुनं आहे, आणि जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ साली सुरू झालं. मोठ्या रुग्णालयात स्वच्छतागृह आणि प्रयोगशाळा एकाच आवारात असतात. लांबच्या माणसासाठी हीच सगळ्यात मोठी सोय आहे.

वेळेनंतर येतो तो स्वच्छतेचा मुद्दा. एके काळी नमुना काडेपेटीतून किंवा औषधाच्या जुन्या बाटलीतून आणायची पद्धत होती. काडेपेटीचा पुठ्ठा ओलावा शोषतो आणि बाटलीत जुन्या औषधाचा अंश राहतो. आता झाकणाला चमचा असलेली प्लास्टिकची डबी स्वस्तात मिळते, तीच वापरावी. भांड्यात पडलेला नमुना उचलू नये. त्यात पाणी, फिनेल किंवा सफाईचं द्रावण मिसळलेलं असतं. भांड्यावर कोरडी कागदी पत्रावळ किंवा स्वच्छ प्लास्टिक धरावं. आधी लघवी करून घ्यावी, कारण लघवी मिसळली की हलते अमिबा मरतात. उघड्यावर बसून जमिनीवरून नमुना उचलला तर मातीत मोकळे राहणारे सूक्ष्म कृमी त्यात येतात आणि अंकुशकृमीच्या अळ्यांशी त्यांची गफलत होऊ शकते. डबी भरून न्यायची गरज नसते, सुपारीएवढा नमुना पुरतो. शौचात रक्त, आव किंवा चिकट भाग दिसत असेल तर चमचा तिथेच घालावा. त्या भागातच रोगाची खूण असण्याची शक्यता जास्त.

तिसरा मुद्दा पोटात आधी गेलेल्या औषधांचा. एरंडेल किंवा कोणतंही तेलकट रेचक घेतलं की तेलाचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली सगळीकडे पसरतात आणि परजीवी झाकले जातात. पोटाच्या क्ष-किरण तपासणीसाठी बेरियम प्यायलेलं असेल तर सात ते दहा दिवस थांबावं लागतं. मेट्रोनिडाझोल किंवा दुसरं प्रतिजैविक नुकतंच घेतलं असेल तर जंतू तात्पुरते लपतात. अशा वेळी साधारण दोन आठवड्यांचं अंतर ठेवतात. आपल्याकडे पोट बिघडलं की मेडिकलमधून दोन गोळ्या घेऊन पाहायची आणि नाही थांबलं तर तपासणीला जायचं, असाच क्रम असतो. तपासणी करायची असेल तर नमुना आधी द्यावा, गोळी नंतर घ्यावी. गोळी घेतलीच असेल तर तिचं पाकीट सोबत न्यावं.

आणि एक नमुना पुरत नाही. जंतांची अंडी आणि अमिबाची कवचबंद रूपं रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाहीत. म्हणून संशय असेल तर दहा दिवसांच्या आत, एक-दोन दिवसांच्या अंतरानं तीन नमुने मागतात. डॉक्टर पुन्हा डबी देतात तेव्हा पहिली तपासणी चुकली, असा अर्थ काढू नये.

एका कृमीसाठी तर ही डबीच उपयोगाची नाही. रात्री मुलांच्या गुदद्वाराशी खाज आणणारे पांढरे, दोऱ्यासारखे कृमी अंडी घालतात ती बाहेरच्या त्वचेवर, त्यामुळे शौचात ती क्वचितच सापडतात. त्यासाठी सकाळी उठल्या-उठल्या, धुण्याआधी, त्या जागी पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती काचपट्टीवर लावतात. मुलाला स्वच्छ धुऊन नेलं की पुरावा धुतला गेला.

सापडलं ते खरंच आहे का?

तयारीचा संबंध अहवाल वाचण्याशीही आहे. ‘अमिबाच्या सिस्ट आढळल्या’ हे वाक्य घेऊन वर्षानुवर्षं गोळ्या खाणारी माणसं गावोगाव आहेत. आतड्यात राहणारे दोन अमिबा सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात. त्यातला एक आव आणि यकृताचं गळू करतो, दुसरा निरुपद्रवी असतो. १९९३ साली शास्त्रज्ञांनी या दोन वेगळ्या जाती असल्याचं पक्कं केलं, आणि १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेनंही तो भेद पाळायला सांगितलं. अमिबाच्या पोटात रक्तपेशी दिसल्या तर तो घातक जातीचा, असं सूक्ष्मदर्शकावरून म्हणता येतं. ते पाहायचं तर नमुना ताजाच हवा. वेळेचा नियम इतका कडक आहे तो यासाठी.

काही वेळा अहवालातला पाहुणा ताटातून आलेला असतो. मुळा-गाजरासारख्या कंदांवर जगणाऱ्या सूत्रकृमींची अंडी जेवणासोबत पोटात जातात आणि तशीच बाहेर पडतात. माणसाला ती काही करत नाहीत, पण दिसतात अंकुशकृमीच्या अंड्यांसारखी. परागकण आणि वनस्पतींचे केसही असेच फसवतात. बकऱ्याची कलेजी खाल्ली असेल आणि त्या जनावराला यकृतकृमी असेल, तर त्या कृमीची अंडी माणसाच्या शौचात दिसतात, त्याला स्वतःला आजार नसतानाही. अशा वेळी काही दिवस कलेजी बंद ठेवून पुन्हा तपासतात. साध्या तपासणीत आहाराला खरं महत्त्व येतं ते एवढ्यापुरतंच, आणि तेही सांगण्याचं. काय खाल्लं ते लपवू नका.

छुपं रक्त: पथ्य इथे लागतं

पथ्याची सारी कीर्ती ज्या तपासणीमुळे झाली ती ही. जठरात किंवा आतड्यात थोडं-थोडं रक्त झिरपत असेल तर ते डोळ्यांना दिसत नाही. ग्वायकम नावाच्या झाडाच्या राळेनं ते ओळखण्याची कल्पना १८६४ ची, आणि अशा छुप्या रक्ताचं महत्त्व बर्लिनच्या इस्मार बोआस या पोटविकारतज्ज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं. रक्तातलं हीम पेरॉक्साइडमधला प्राणवायू सोडवतं आणि राळ निळी होते. आपल्याकडच्या जुन्या प्रयोगशाळांत राळेऐवजी बेंझिडीन वापरत. ते फार संवेदनशील होतं, पण कर्करोगकारक ठरल्यानं मागे पडलं. ‘तीन दिवस मटण नको, पालेभाजी नको’ ही सूचना त्या काळापासून तोंडोतोंडी चालत आलेली आहे.

तिच्यामागचं कारण पक्कं आहे. ही रासायनिक तपासणी माणसाचं रक्त आणि बकऱ्याचं रक्त यांत फरक करत नाही. म्हणून नमुन्याच्या आधी तीन दिवस आणि नमुने देऊन होईपर्यंत मटण, कलेजी, रक्ती बंद. कच्चा मुळा, फ्लॉवर, ब्रोकोली, सलगम आणि खरबूज यांत पेरॉक्सिडेज नावाचं विकर असतं, तेही राळेला निळं करू शकतं. शिजवलं किंवा भाजलं की त्याचा जोर बहुतेक संपतो. हिवाळ्यात आपल्याकडे भरीत-पुरीच्या पार्ट्या झडतात. भौगोलिक मानांकन मिळालेलं जळगावचं भरिताचं वांगं काट्यांवर चांगलं भाजलेलं असतं, ते खुशाल खावं. ताटाच्या कडेचा कच्चा मुळा तेवढा त्या तीन दिवसांत बाजूला ठेवावा. काळ्या मसाल्याचा रस्साही चालतो, फक्त त्यात मटण नको.

उलट दिशेनं फसवणारी गोष्ट म्हणजे क जीवनसत्त्व. दिवसाला २५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त गेलं तर रक्त असूनही तपासणी ‘नाही’ म्हणते. चघळायच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम असतं. एखाद्या मोठ्या पेरूतही २५० च्या पुढे जाण्याइतकं असू शकतं. गोळी बंद ठेवावी, पेरू-आवळा तेवढे दिवस आवरावा. अॅस्पिरिन आणि अंगदुखीच्या गोळ्या जठरातून रक्त काढू शकतात, म्हणून त्या सात दिवस टाळायला सांगतात. पण हृदयविकारासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर स्वतःच्या मनानं एक दिवसही बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं. मूळव्याधीचं रक्त पडत असताना आणि पाळी संपल्यावर तीन दिवस होईपर्यंत नमुना देऊ नये.

या पथ्यावर शास्त्रातही वाद झाला आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात असं दिसलं की कडक पथ्य सांगितल्यानं चुकीचे अहवाल फारसे कमी होत नाहीत, आणि फार कडक पथ्य असेल तर लोक तपासणीच करत नाहीत. आपल्यासाठी यातला धडा मोलाचा आहे. पथ्य मोडलं म्हणून तपासणी सोडून देऊ नये. पथ्य मोडल्याचं सांगून पुढची तारीख घ्यावी.

आता या तपासणीची नवी पद्धत आली आहे. ती प्रतिपिंडांच्या मदतीनं फक्त मानवी हिमोग्लोबिनमधलं प्रथिन ओळखते, त्यामुळे मटण, मुळा, पेरू कशानंही फरक पडत नाही. तिला आहाराचं पथ्यच नाही. अडचण दोन ठिकाणी आहे. जठरातून झिरपणारं रक्त वाटेतच पचतं, ते तिला सापडत नाही. आणि हिमोग्लोबिन उन्हात नासतं. फ्लॉरेन्समधल्या मोठ्या पाहणीत, २०१० साली, उन्हाळ्यात दिलेल्या नमुन्यांत ते हिवाळ्यापेक्षा कमी मोजलं गेल्याचं दिसलं. फ्लॉरेन्सच्या उन्हाळ्यात ही गत, तर भुसावळच्या मे महिन्यात डबी दुचाकीच्या डिकीत ठेवणं म्हणजे पुरावा गमावणं. नमुना सकाळी द्यावा, सावलीत न्यावा, त्याच दिवशी पोहोचवावा.

रंगावरून निष्कर्ष काढण्याआधीही थोडं थांबावं. बीटानं शौच लाल होतं, लाल मिरचीची आणि टोमॅटोची सालं रक्तासारखी दिसतात. लोहाच्या गोळीनं शौच हिरवट-काळं होतं. गरोदर स्त्रिया त्याला घाबरून गोळी बंद करतात, ते करू नये. डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं शौच मात्र वेगळं असतं. ते जठरातल्या रक्तस्रावाचं लक्षण असू शकतं आणि त्यासाठी डबी भरत बसायचं नसतं, थेट रुग्णालय गाठायचं असतं.

जिथे खाणं कमी करायचं नसतं

काही तपासण्यांत पथ्य उलटं आहे. चरबी पचते की नाही हे मोजायचं असेल तर रोज सुमारे १०० ग्रॅम स्निग्ध पदार्थ पोटात जावे लागतात. तीन दिवस आधी आणि तीन दिवसांचं सगळं शौच जमा होईपर्यंत. रोज सात ग्रॅमपेक्षा जास्त चरबी बाहेर पडली तर पचनात बिघाड. पोट बिघडलंय म्हणून तेल-तूप सोडलेल्या माणसाचा अहवाल इथे खोटा चांगला येतो. ही तपासणी क्लिष्ट असल्यानं आता इलास्टेजची तपासणी जास्त होते. तिला पथ्य नाही, पण नमुना पाण्यासारखा पातळ नको.

तान्ह्या बाळाला दूध पचत नसल्याचा संशय असेल तर शौचातली न पचलेली साखर पाहतात. आई आधीच दूध बंद करते आणि मग नमुना देते. दूधच पोटात नाही तर साखर दिसणार कुठून? बाळाला नेहमीसारखं पाजत राहावं. लंगोट पातळ भाग शोषून घेतो आणि साखर त्या भागातच असते, म्हणून लंगोटात प्लास्टिक घालून नमुना धरावा आणि लगेच पोहोचवावा.

हेलिकोबॅक्टरच्या तपासणीत आहाराला किंमत नाही, गोळीला आहे. पित्त झालं की सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल घ्यायची सवय आता खेड्यापर्यंत पोहोचली आहे. ती गोळी चालू असेल तर जंतू दबून राहतो आणि अहवाल खोटा ‘नाही’ येतो. म्हणून ती दोन आठवडे, आणि प्रतिजैविकं चार आठवडे आधी थांबवतात, अर्थात डॉक्टरांना विचारूनच. कॅल्प्रोटेक्टिनच्या तपासणीत गुडघेदुखीच्या गोळ्या घोळ करतात, कारण त्यांनी आतड्याला सूज येऊन आकडा वाढतो.

देशानं एकदा हे करून दाखवलंय

हे सगळं खेड्यात पाळणं शक्य आहे का, असं कुणी विचारेल. उत्तर आपल्याच इतिहासात आहे. पोलिओच्या पाळतीसाठी पंधरा वर्षांखालच्या, अचानक लुळं पडलेल्या प्रत्येक मुलाचे शौचाचे दोन नमुने लागत. लकवा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, दोहोंत किमान २४ तासांचं अंतर ठेवून, प्रत्येकी सुमारे आठ ग्रॅम, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढे. ते बर्फाच्या पेटीत घालून प्रयोगशाळेपर्यंत थंडच पोहोचवले जात. महाराष्ट्रातले नमुने मुंबईच्या एन्टरोव्हायरस संशोधन केंद्राकडे जात. किती ग्रॅम, किती तास, किती थंड, हे सगळं ठरलेलं होतं आणि पाड्यावरच्या आरोग्यसेविकेला तोंडपाठ होतं. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला तो लसीच्या थेंबांमुळे, आणि थेंबांनी काम केलं हे सिद्ध झालं ते या डब्यांमुळे.

जी शिस्त पोलिओसाठी शक्य झाली ती रोजच्या डबीसाठीही शक्य आहे. त्याला नवं यंत्र लागत नाही. प्रत्येक प्रयोगशाळेनं डबीसोबत मराठीत छापलेली एक चिठ्ठी द्यावी: तपासणीचं नाव, जेवायचं की नाही, कोणती गोळी थांबवायची, किती वेळात आणायचं. जमलं तर ती अहिराणीत आणि सातपुड्यातल्या पावरी बोलीतही असावी. ज्याला वाचता येत नाही त्याला खिडकीवरच्या माणसानं दोन मिनिटं देऊन समजावून सांगावं. ‘संडास घेऊन या’ एवढं एकच वाक्य सांगून डबी देणं ही रुग्णावर ढकललेली जबाबदारी आहे.

आणि वाचकांनो, तुमच्याकडे एक विनंती. शौचाबद्दल बोलायची लाज सोडा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला, नव्या सुनेला, वयात आलेल्या मुलीला ही डबी कुणाच्या हाती द्यायची याचाच संकोच वाटतो आणि नमुना दुपारपर्यंत खिडकीत पडून राहतो. तो संकोच घरातूनच जायला हवा. उपाशी राहू नका. डबी घेताना तपासणीचं नाव विचारा, चालू असलेली सगळी औषधं सांगा, काय खाल्लंत ते सांगा, आणि नमुना उन्हाआधी पोहोचवा.